दांडा आणि कळ

पिकअप हे वाहन मुळात कष्टाच्या कामासाठी जन्माला आलेले. पुढे दोन-चार माणसे बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. त्या हौद्यात कुठे गवताचे भारे असतात, कुठे खताची पोती, कुठे विजेच्या तारा ओढणाऱ्या कामगारांची हत्यारे, तर कुठे डोंगरातल्या ठाण्याकडे निघालेली रसद. अमेरिकेतल्या शेतांवर, ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण माळांवर, थायलंडच्या भातखाचरांच्या कडेने आणि आपल्याकडे लडाख, स्पिती, अरुणाचल अशा दुर्गम मुलखांत हे वाहन राबताना दिसते. त्याची वाट नेहमीच डांबरी असते असे नाही. म्हणून त्यातल्या पुष्कळ गाड्यांना मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही इंजिनाची शक्ती पुरवण्याची सोय केलेली असते. या सोयीला फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणतात. आपले ड्रायव्हर तिला सुटसुटीतपणे ‘फोर बाय फोर’ म्हणतात.

श्रोतेहो, ही सोय चालू कशी करायची, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. जुनी रीत अशी, की गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असे. तो पुढे-मागे सारला, की पुढची चाके मागच्यांच्या जोडीला येत. नव्या रीतीत तो दांडा नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी एक गोल कळ आली आहे. ती बोटांच्या चिमटीत धरून फिरवली, की पुढचे सारे काम वीज आणि लहानसा संगणक करतात. विषय ऐकायला किरकोळ वाटेल. परंतु ज्यांचा चरितार्थ अशा गाडीवर चालतो त्यांच्यामध्ये यावरून तीस-चाळीस वर्षे वाद चालू आहे, आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. चिखलात रुतलेली गाडी संध्याकाळपूर्वी घरी पोचणार की नाही, उतारावर उभी केलेली गाडी जागची हलणार की नाही, या गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

वाद समजून घ्यायचा तर आधी गाडीच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून बाहेर पडते आणि एका लोखंडी पेटीत शिरते. या पेटीला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यातून दोन लांब शाफ्ट निघतात. एक मागच्या आसाकडे जातो, दुसरा पुढच्या. एरवी फक्त मागचा शाफ्ट फिरतो. चालकाने फोर बाय फोर लावले, की पेटीतला एक दातेरी कडा सरकतो आणि दोन्ही शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. येथून पुढे दोघांनी समान फेरे घेतलेच पाहिजेत. बहुतेक पिकअपांत हीच साधी आणि दणकट रचना असते.

या ‘समान फेऱ्यां’तच सगळी गोम आहे. गाडी सरळ चालली तर काही बिघडत नाही. पण ती वळू लागली, की पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ काढतात. एक साधा हिशेब पाहा. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये ३ मीटर अंतर आहे, आणि मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर चालला आहे, असे समजा. पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या मग सुमारे ६.७ मीटर येते. नव्वद अंशांचे एक वळण घेताना मागचा आस साधारण ९.४ मीटर चालतो आणि पुढचा १०.५ मीटर. फरक झाला १ मीटरहून थोडा अधिक. चाकाचा परीघ २.३ मीटर आणि आसातले दातांचे प्रमाण एकास चार धरले, तर पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा जवळजवळ दोन फेरे जास्त घ्यावे लागतात. पण दोघे तर एकमेकांना जखडलेले! मग हे दोन फेरे जायचे कुठे?

जमीन चिखलाची, वाळूची किंवा बर्फाची असेल, तर चाके किंचित घसरतात आणि हिशेब आपोआप चुकता होतो. कोरड्या डांबरावर मात्र चाक घसरायला तयार नसते. मग तो पीळ शाफ्टांत, दात्यांत आणि टायरांत साठत जातो. सुकाणू जड होते, गाडी वळणावर अडखळते, टायर किंचाळतात. आणि माणूस तसाच रेटत राहिला तर एखादा सांधा तुटतो. म्हणून ही सोय सदासर्वकाळ लावून ठेवता येत नाही. ती गरजेला लावायची आणि गरज संपताच काढायची असते. लावणे आणि काढणे हा निर्णय दिवसातून कितीदा तरी घ्यावा लागतो. दांडा की कळ, या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

त्या पेटीत आणखी एक करामत असते. तिला ‘लो’ म्हणतात. लो लावले, की गिअरबॉक्समधून आलेली गती आणखी कमी होते आणि ओढ त्या प्रमाणात वाढते. पहिल्या गिअरचे प्रमाण चार, आसाचे चार आणि पेटीतल्या लोचे अडीच धरले, तर इंजिनाचे चाळीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही सावकाश, पुढे सरकते. लो नसते तर याच इंजिनाने तिला ताशी साडेआठ किलोमीटरने पुढे नेले असते. खडकाळ उतारावर हा फरक जीवनमरणाचा असतो. कारण लोमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. मात्र हाय मधून लो मध्ये जाताना पेटीतले दाते वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. म्हणून गाडी जवळजवळ थांबवून, गिअर न्यूट्रल करून हा बदल करावा लागतो. हा नियम दांड्याला लागू आहे तसाच कळीलाही आहे.

आता थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलिस कंपनीने अमेरिकेच्या सैन्यासाठी जी जीप बांधली, तिच्या जमिनीतून तीन दांडे वर आलेले असत. एक गिअरचा, दुसरा पुढच्या आसाला जोडून घेणारा, तिसरा हाय आणि लो बदलणारा. डॉज कंपनीने युद्धातल्या आपल्या ट्रकांवरून ‘पॉवर वॅगन’ नावाची पिकअप १९४६ साली सामान्य गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. कारखान्यातूनच चारही चाकांची ओढ घेऊन निघालेल्या पहिल्या नागरी पिकअपांत तिची गणना होते. विलिसची पिकअप १९४७ मध्ये आली. फोर्डच्या पिकअपला ही सोय हवी असेल तर पूर्वी मार्मन-हेरिंग्टनसारख्या कंपनीकडून ती बसवून घ्यावी लागे. १९५९ च्या मॉडेलपासून फोर्ड ती स्वतःच देऊ लागली. जपानच्या टोयोटाची हायलक्स १९६८ साली निघाली आणि १९७९ मध्ये तिला चारही चाकांची ओढ मिळाली. आपल्या देशात १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. धरणांची कामे, जंगलखाती, सर्वेक्षणाच्या तुकड्या, साखर कारखाने या सर्वांकडे पुढे जी जीप दिसू लागली ती हीच. आणि भारतातल्या ड्रायव्हरांच्या एका अख्ख्या पिढीचा हात त्या आखूड दांड्यावरच तयार झाला.

त्या काळात दांड्याला एक जोडीदार असे. गाडी दोन चाकांवर चालताना पुढची चाके शाफ्टला आणि दात्यांना उगाच फिरवीत बसत. त्यात इंधन वाया जाई. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी पुढच्या चाकांच्या मध्यावर बसवायचे कुलूपवजा हब विकायला आणले. हब मोकळा सोडला, की चाक फिरे पण आतला दांडा स्वस्थ राही. सोय उत्तम होती, फक्त फोर बाय फोर लावण्याआधी माणसाला खाली उतरून दोन्ही चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागत. शहाणा चालक हे काम कोरड्यावर उभा असतानाच उरकी. जो विसरे त्याला गुडघाभर चिखलात उतरून, चाकाला हात लावून आपल्या विस्मरणाचे शुल्क भरावे लागे.

हे उतरणे चुकावे, गाडी चालती असताना बदल करता यावा, ही मागणी साहजिक होती. १९७० नंतर पिकअप ही शेतकऱ्याबरोबर शहरी कुटुंबाचीही गाडी झाली, आणि मागणीला जोर चढला. फोर्डने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘टच ड्राइव्ह’ या नावाने बटणावर चालणारी रचना दिली. शेव्हरोलेच्या १९८८ नंतरच्या काही पिकअपांत पेटीचा दांडा होता, पण पुढचा आस जोडण्याचे काम विजेने तापून प्रसरण पावणाऱ्या एका लहानशा नळकांड्याकडे दिलेले होते. कडाक्याच्या थंडीत ते तापायलाच वेळ लागे, आणि फोर बाय फोरची खरी निकड तर त्याच थंडीत! पुढे त्याची जागा विजेच्या मोटरीने घेतली. पुढच्या दशकांत एकामागून एक कंपन्या कळीकडे वळल्या. भारतात २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स या दोन्ही पिकअपांत कळच आहे.

कळ फिरवल्यावर काय घडते? कळीखाली एक विद्युत्-खटका असतो. तो संगणकाला केवळ चालकाची इच्छा कळवतो. संगणक आधी चौकशी करतो: गाडीचा वेग किती, गिअर कोणता, क्लच किंवा ब्रेक दाबला आहे काय? उत्तरे पटली तर तो पेटीच्या बाजूला बसवलेल्या एका मोटरीला वीज देतो. मोटर आतली कांब फिरवते, कांब काट्याला सरकवते, काटा दातेरी कड्याला. काही रचनांत त्याआधी एक चुंबकीय क्लच पुढच्या शाफ्टला मागच्याच्या गतीवर आणून ठेवतो, म्हणजे दाते एकमेकांवर खडखडत नाहीत. काम झाले की नाही हे सांगायला एक संवेदक असतो. तो होकार देईपर्यंत चालकासमोरचा दिवा लुकलुकत राहतो. होकार आला की स्थिर होतो. म्हणजे पूर्वी जे काम हात आणि काटा यांच्यात परस्पर उरकत असे, त्यात आता खटका, संगणक, मोटर, संवेदक आणि त्यांना जोडणाऱ्या तारा असे पाच मध्यस्थ आले.

दांड्याच्या पक्षाचे लोक बोट ठेवतात ते या मध्यस्थांवर. त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, दांडा खोटे बोलत नाही. तो पुढे आहे की मागे हे अंधारात हात लावून कळते. दाते गुंतले की तळहाताला एक ठोका जाणवतो. गुंतले नाहीत तर दांडा अर्ध्यावर अडतो आणि हाताला ते तत्काळ समजते. पीळ साठलेला असेल तर दांडा जाम होतो. ती खूण ओळखून अनुभवी चालक गाडी चार हात मागे घेतो, पीळ सुटतो आणि दांडा अलगद निघतो. कळीच्या गाडीत हाच पीळ दिव्याच्या लुकलुकण्यातून कळतो. पण तो दिवा पिळामुळे लुकलुकतो आहे, की तार तुटल्यामुळे, की संवेदक बिघडल्यामुळे, हे काही तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. दांड्याच्या रचनेत बिघडण्यासारखे ते काय? कांबींच्या सांध्यांतले रबरी किंवा प्लास्टिकचे बुश झिजतात, एखादी पिन निसटते. साधा मिस्त्री गाडीखाली आडवा होतो आणि तासाभरात काम उरकतो. कांब तुटलीच तर पेटीवरचा अडणा पकडीने ओढूनही गाडी बाहेर काढता येते. कळीच्या रचनेत मोटर पाणी शिरून गंजते, जोडणीच्या टोकांवर हिरवट बुरशी चढते, संवेदकाच्या पट्ट्या झिजतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या उत्तर अमेरिकेत हे दुखणे विशेष. एवढीशी मोटर बदलायला खर्च बराच येतो, आणि निदान करायला वेगळे उपकरण लागते. ते उपकरण शहरात असते, आणि गाडी अडते ती शहरापासून दूर. अशा वेळी बहुतेक पेट्या ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत राहतात. दोन चाकांवर असताना बिघाड झाला तर चिखलातून सुटका नाही. चार चाकांवर असताना झाला तर डांबरी रस्त्यावर पीळ सोसत घर गाठायचे.

ही बाजू ऐकली म्हणजे कोणीही दांड्याच्या बाजूने कौल देईल. पण न्यायाने पाहायचे तर दांड्याचे अवगुणही मोजले पाहिजेत.

दांड्याची सर्वांत धोकादायक जागा म्हणजे हाय आणि लो यांच्यामधले न्यूट्रल. गिअरबॉक्सच्या न्यूट्रलहून हे वेगळे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असली, की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा चाकांशी संबंधच तुटतो. चालकाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केली, किंवा स्वयंचलित गिअरचा दांडा ‘पार्क’वर ठेवला, तरी चाके मोकळीच राहतात. गाडीला धरून ठेवणारा तेव्हा फक्त हातब्रेक असतो. उतारावर, मागे भरलेला हौदा, आणि दांडा धक्का लागून अर्ध्यावर आलेला, असे झाले तर गाडी गिअरमध्ये असूनही चालू लागते. तिच्या वाटेत कोण उभे आहे हे तिला ठाऊक नसते. कळीच्या अनेक गाड्यांत हे न्यूट्रल मुद्दामच अवघड करून ठेवले आहे. ठरावीक क्रमाने चार गोष्टी केल्याशिवाय ते लागत नाही, आणि लागले तर दिवा बजावतो. दांडा खोटे बोलत नाही हे खरे; पण चुकीची आज्ञाही तो निमूटपणे पाळतो. वेगात असताना कोणी अविचाराने लोकडे ओढला, तर तो दात्यांचा चुरा होऊ देतो. कळीचा संगणक अशा वेळी स्पष्ट नकार देतो. यंत्राने माणसाला नकार द्यावा हे पुष्कळांना रुचत नाही, पण असा नकार स्वस्त असतो आणि नवी पेटी महाग असते.

दुसरी बाब हाताच्या बळाची. जुन्या गाडीचा दांडा ओढायला मनगटात जोर लागे, आणि कधी कधी पायाने ढकलण्याची पाळी येई. ज्यांचे सांधे दुखतात, ज्यांचा एक हात अधू आहे, ज्यांची उंची कमी आहे, त्यांच्यासाठी हा दांडा म्हणजे बंद दरवाजाच होता. कळीने तो उघडला. आणि तिसरी बाब वेळेची. पावसाळी रात्री डांबरी रस्ता मध्येच संपून निसरड्या मातीवर गाडी येते, तेव्हा हायमधला बदल चालत्या गाडीत करता येणे मोलाचे असते. पुष्कळ कळीच्या गाड्या ताशी ८० ते १०० किलोमीटरपर्यंत तो करू देतात. नव्या दांड्याच्या गाड्याही चालताना हा बदल करू देतात हे सांगितले पाहिजे. परंतु दोन्ही हात सुकाणूवर हवे असताना दांडा शोधणे आणि चिमटीने कळ फिरवणे यांत अंतर आहेच.

कारखानदारांनी कळ पसंत केली त्यामागे आणखी साधी कारणे आहेत. दांडा काढला, की केबिनच्या तळाला भोक पाडावे लागत नाही. त्या भोकातून येणारा आवाज, धूळ आणि पाणी टळते. मधली जागा मोकळी होते. चौकट आणि केबिन निरनिराळ्या झोल्यांनी हलतात, तेव्हा त्यांच्यामधून जाणारी कांब अडकत नाही. कळ कुठेही बसवता येते, तार कशीही वळवता येते. आणि जेथे गिअरच स्वयंचलित झाला, तेथे उरलेला एकटा दांडा गिऱ्हाइकाला जुनाट वाटू लागला. बाजारात वाटण्यालाही किंमत असते.

असे असूनही दांडा संपला नाही. सुझुकीच्या जिम्नी या छोट्या गाडीत पूर्वीच्या पिढीत बटणे आली होती. २०१८ साली नवी पिढी निघाली तेव्हा कंपनीने पुन्हा दांडा बसवला, आणि २०२३ मध्ये भारतात आलेली पाच दारांची जिम्नीही दांडा घेऊनच आली. २०१९ पासून बनू लागलेल्या जीप कंपनीच्या ग्लॅडिएटर पिकअपमध्ये दांडा आहे. फोर्डने १९९९ पासूनच्या आपल्या जड ‘सुपर ड्यूटी’ पिकअपांत कळ दिली, पण पुढच्या चाकांच्या हबांवर हाताने फिरवायची चकतीही ठेवली. आपोआप हब लागला नाही, तर चालकाने खाली उतरून तो स्वतः लावावा. ही मला सर्वांत शहाणपणाची तडजोड वाटते. जिना ठेवून मग पाळणा बसवावा, तशी. पाळणा रोजच्या सोयीचा, आणि जिना वीज गेल्यावरचा.

मग कोणी काय घ्यावे? ज्याची गाडी वस्तीपासून दोन दिवसांच्या वाटेवर जाते, ज्याच्या जवळपास साध्या मिस्त्रीपलीकडे कोणी नाही, जो स्वतः गाडी चालवतो आणि तिचे नाद ओळखतो, त्याने मिळत असेल तर दांडा घ्यावा. ज्या गाडीवर दर महिन्याला नवा माणूस बसतो, म्हणजे खात्याची किंवा ठेकेदाराची गाडी, तिला कळ बरी. कारण अननुभवी हाताची चूक संगणक थोडीफार अडवतो. जो वर्षातून चार वेळा ओल्या रस्त्यावर किंवा हिमावर जातो, त्यालाही कळच पुरेशी आहे. हा निवाडा आहे तो वापराचा. दांडा मर्दाचा आणि कळ नाजुकांची, असल्या बढाईला त्यात स्थान नाही.

परंतु श्रोतेहो, या दोन पक्षांच्या भांडणात एक गोष्ट दोघांच्याही नजरेआड होते. जुन्या गाड्यांतले जाम झालेले दांडे आणि नव्या गाड्यांतल्या गंजलेल्या मोटरी, या दोन्हींचे मोठे कारण एकच आहे: न वापरणे. माणूस फोर बाय फोरची गाडी घेतो, तिच्यासाठी जास्त पैसे मोजतो, आणि वर्ष-दोन वर्षे ती सोय लावतच नाही. पेटीतले तेल वर चढत नाही, सांधे कोरडे पडतात, मोटरीचा आस जागच्या जागी धरतो. मग पुरात किंवा हिमात पहिल्यांदा हात घालावा तो नेमका अडलेल्या यंत्राला. टोयोटाच्या मार्गदर्शक पुस्तिकांत दर महिन्याला निदान १६ किलोमीटर गाडी चारही चाकांवर चालवावी अशी सूचना आढळते, ती यासाठीच. मातीचा सरळ रस्ता पाहावा, महिन्यातून एकदा हाय लावून काही अंतर चालावे, थांबून लो लावून पाहावा, आणि काढून टाकावा. दांडा असो वा कळ, एवढ्या तालमीने ती ऐन वेळी दगा देण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

दुसरी नजरेआड होणारी गोष्ट म्हणजे लावण्याची वेळ. पुष्कळजण गाडी रुतल्यावर फोर बाय फोर आठवतात. तोपर्यंत मागची चाके फिरून फिरून आपलाच खड्डा खणून मोकळी झालेली असतात, आणि गाडी पोटावर टेकलेली असते. पोटावर टेकलेल्या गाडीची चारही चाके फिरली काय आणि आठ फिरली काय, सारखेच. चिखल समोर दिसला, की तो सुरू होण्याआधी थांबून लावावे. उतार दिसला, की माथ्यावरच लो लावावा. अर्ध्या उतारावर गिअर न्यूट्रल करून लो शोधणे म्हणजे गाडी काही क्षण उताराच्या हवाली करणे होय. आणि एक गैरसमज तर मुळापासून काढला पाहिजे. चारही चाकांची ओढ गाडीला पुढे न्यायला मदत करते. समतल निसरड्या रस्त्यावर वेगातली गाडी लवकर थांबवायला ती उपयोगी पडत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. बर्फावर आत्मविश्वासाने भरधाव निघालेल्या फोर बाय फोर गाड्या खड्ड्यात सापडतात, त्या याच गैरसमजापायी.

अलीकडे आणखी पुढची पायरी आली आहे. जनरल मोटर्सच्या पिकअपांत १९९८ पासून ‘ऑटो’ अशी एक स्थिती मिळू लागली. मागची चाके घसरली असे वाटताच संगणक पेटीतल्या क्लचच्या पट्ट्या आवळतो आणि पुढच्या चाकांकडे शक्ती धाडतो. घसरण थांबली की सैल करतो. क्लच किंचित घसरू शकत असल्यामुळे ही स्थिती कोरड्या रस्त्यावरही चालते. येथे लावण्या-काढण्याचा निर्णयच माणसाच्या हातून गेला. सोयीच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती आहे, हे मान्य करावे लागेल. तरी एक मर्यादा तिला राहतेच. घसरण घडल्यावर, किंवा फार तर घडू लागल्यावर, ती ओळखणे हे संगणकाचे काम. पुढच्या वळणापलीकडे ओढा आहे, काल रात्री वर पाऊस झाला आहे, आणि त्या ओढ्याच्या तळाशी गाळ असतो, हे गावच्या ड्रायव्हरला ठाऊक असते, पेटीला नसते.

हाताची जागा बोटाने घेतली आणि बोटाची जागा संगणक घेऊ पाहतो आहे, हा क्रम काही या एका यंत्रापुरता नाही. विहिरीच्या मोटेपासून विजेच्या पंपापर्यंत आपण हाच प्रवास केला, आणि त्याबद्दल हळहळ करीत बसण्याचे कारण नाही. मोटेच्या दोरीला बैल जुंपताना पाणी किती खोल गेले हे शेतकऱ्याला न विचारता कळे. पंपाची कळ दाबणाऱ्याला ते मुद्दाम वाकून पाहावे लागते. जो वाकून पाहतो त्याचा पंपही जळत नाही आणि विहीरही आटत नाही. पिकअपच्या कळीचेही असेच आहे. दांडा माणसाला यंत्राची स्थिती हाताच्या स्पर्शाने सांगत होता. कळ ती सांगत नाही. तेव्हा ती माणसाने स्वतः जाणून घेतली पाहिजे. पेटीत काय फिरते, दिवा का लुकलुकतो, न्यूट्रल म्हणजे काय, वळणावर पीळ का साठतो, एवढे चार विषय गाडीची किल्ली हाती देताना तासाभरात शिकवता येतात. गाडी विकणाऱ्याने ते शिकवावेत, गाडीच्या मालकाने आपल्या ड्रायव्हरला ते विचारावेत. एवढे झाले तर कळीच्या गाडीतला ड्रायव्हरही दांड्याच्या गाडीतल्या जुन्या ड्रायव्हराइतकाच निर्धास्तपणे घाट उतरेल. आणि ते न झाले तर जमिनीतून तीन दांडे वर आलेली जीपही त्याला वाचवू शकणार नाही.